सोळाविरुद्ध दश्शी

ऋतुपर्णाचं उपरणं रथातून उडतं. तो सारथ्याला थांबायला सांगतो, तर सारथी म्हणतो की ते आता एक योजन मागे राहिलं. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे, त्यातली ही जागा. अयोध्येचा राजा दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराला कुंडिनपुराकडे निघाला आहे. हे स्वयंवर नुसतं सांगण्यापुरतं आहे आणि नलाला बाहेर काढण्यासाठी दमयंतीनेच मांडलं आहे. रथ हाकणारा कुरूप बाहुक म्हणजे खुद्द नल. फाशांच्या डावात त्याने पुष्करापुढे राज्य घालवलं, बायकोला अरण्यात झोपेत सोडलं आणि आता तो दुसऱ्याचे घोडे सांभाळतो आहे.

सारथ्याची घोड्यांवरची हुकमत पाहून राजा खूश होतो. पुढे वाटेत एक बेहडा दिसतो, तेव्हा राजा आपली विद्या दाखवतो. झाडाखाली पडलेली पानं-फळं झाडावरच्यांपेक्षा एकशे एकाने जास्त आहेत, दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि फळं दोन हजार पंच्याण्णव. पाच कोटी हा आकडा पुराणिकाचा आणि दोन हजार पंच्याण्णव हा हिशेबनिसाचा, हे वाचताक्षणी कळतं. मला गंमत वाटते ती बाहुकाच्या हट्टाची. उशीर होतोय, राजा घायकुतीला आलाय, तरी हा म्हणतो की मी मोजून पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही, तुम्हाला घाई असेल तर वार्ष्णेय या दुसऱ्या सारथ्याला घेऊन जा. तो खाली उतरतो, मोजतो आणि हिशेब तंतोतंत निघतो.

मग सौदा होतो. राजा अक्षहृदय म्हणजे फाशांचं मर्म देतो आणि बदल्यात अश्वहृदय मागतो; पण घाईत असल्यामुळे ‘ते तूर्त तुझ्याकडेच ठेव म्हणून असू दे’ म्हणतो. विद्या मिळताच नलाच्या अंगात शिरलेला कली विष ओकत बाहेर पडतो आणि जीव वाचवायला त्याच बेहड्यात शिरतो. तेव्हापासून ते झाड बदनाम.

रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकाला नलदमयंतीतला हंस ठाऊक आहे. ही मोजणी मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ सालच्या पुस्तकात या झाडाची दखल घेतली: दोन फांद्या पाहून अख्ख्या झाडाचा अंदाज बांधणं हे नमुना-पाहणीचं फार जुनं उदाहरण आहे, म्हणून. मला मात्र राजाचं पहिलं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. तो खाली पडलेलं आणि वर उरलेलं यांचं नातं सांगतो. पत्त्यांच्या एका खेळात विसाव्या शतकात जी मोठी उलथापालथ झाली, ती नेमकी याच नात्यावर.

बेहडा आमच्याकडे पुराणातला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मूल-सिंदेवाहीच्या आणि गडचिरोलीत धानोऱ्याच्या जंगलात साग, ऐन, धावडा, मोह यांच्या गर्दीत तो उभा असतो. खोड सरळ, उंच. पानं फांद्यांच्या टोकाशी झुपक्याने. हिवाळ्यात फळं पिकून खाली पडतात, ती वेचून व्यापाऱ्याला घालतात. त्रिफळ्यातलं एक फळ हे. ताजं फळ राखी आणि मखमली लव असलेलं. वाळलं की आक्रसतं आणि अंगावर पाच पुसट धारा उठतात. वेदकाळातले फासे म्हणजे या फळाच्या बिया. त्यांना सहा बाजू नाहीत, ठिपके नाहीत, टाकून कुठली बाजू वर आली हे पाहण्याची सोयच नाही. म्हणून खेळ संख्येचा होता. मूठभर बिया काढायच्या आणि चाराने भागून काय उरतं ते पाहायचं, अशी अभ्यासकांची मांडणी आहे. काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन तर द्वापर, एक उरला तर कली. नलाच्या मागे लागलेले कली आणि द्वापर हे आधी हरणारे डाव आणि मग दैवतं. ज्याला ढीग पाहून आकडा कळतो, त्याच्यापुढे असा खेळ टिकेल कसा? ऋतुपर्णाची विद्या झाडाची होती तशीच मुठीचीही होती.

वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर म्हणजेच दमयंतीचं कुंडिनपूर, असं परंपरा मानते. तीच वर्धा पुढे चंद्रपूरच्या कडेने वाहत वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता होऊन गडचिरोलीच्या सीमेवरून सिरोंच्याकडे जाते. या दोन जिल्ह्यांत जुगाराला तोटा नाही. पोळ्याला आणि पोळ्याच्या करीला पारावर तासपत्ते निघतात, हिवाळ्यात कोंबडबाजार भरतो आणि पोलिसांच्या धाडीच्या बातमीत ‘बावन्न तासपत्ते’ हे शब्द ठरलेले असतात. पण अंदर-बाहर घ्या की कोंबड्याच्या पायाला बांधलेली काती घ्या, पैसे लावल्यावर खेळणाऱ्याला काही ठरवायचं उरत नाही. नुसतं पाहायचं. तीन पत्तीत ठरवायला खूप असतं, पण ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून. कॅसिनोत पत्त्यांवर चालणाऱ्या ब्लॅकजॅकची चव या दोन्हींहून वेगळी, कारण तिथे समोर बसलेल्याला चेहराच नाही.

नियम दोन मिनिटांत समजतात. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानाची किंमत त्यावरच्या ठिपक्यांइतकी, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी दहा, एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. खेळणाऱ्याला दोन पानं मिळतात. वाटणाऱ्याचीही दोन, त्यातलं एक उघडं आणि एक झाकलेलं. एकविसाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. ओलांडलं की बाद. पान घ्या, थांबा, पैसे दुप्पट करून एकच पान घ्या किंवा जोडी आली असेल तर ती फोडून दोन डाव करा, एवढेच पर्याय. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान आलं तर तो खरा ब्लॅकजॅक. त्याचे हजाराला दीड हजार मिळतात.

आता वाटणाऱ्याकडे बघा. त्याला ठरवायचा अधिकार नाही. सोळापर्यंत त्याने पान घ्यायलाच हवं, सतराला थांबायलाच हवं. तुम्ही अठरावर थांबला आहात हे डोळ्यांनी दिसत असलं तरी तो आपल्या सतरावर हात बांधून बसतो. त्याची एकच चलाखी: तो शेवटी खेळतो. तुम्ही बाद झालात की तुमचे पैसे तेव्हाच जातात, मग पुढे तोही बाद झाला तरी परत येत नाहीत. गल्ला भरतो तो एवढ्या एका अटीवर. ‘वाटणारा जिंकतो ना, मग त्याच्यासारखंच खेळू’ असं ठरवणारा शंभर रुपयांमागे साधारण साडेपाच रुपये घालवतो. ‘मी बाद होईन असं पान घेणारच नाही’ म्हणणाराही जवळजवळ चार. कुठल्या पानांवर काय करावं हे सांगणारा एक तक्ता आहे; त्याप्रमाणे खेळणाऱ्याचा तोटा, टेबलाच्या नियमांप्रमाणे थोडा कमी-जास्त, अर्ध्या रुपयाच्या आसपास येतो.

हा तक्ता चार सैनिकांनी केला. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडर्मट हे अमेरिकन लष्करात मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या तळावर होते. बराकीत पत्ते कुटताना वाटणाऱ्याच्या सोळा-सतराच्या सक्तीचा विषय निघाला आणि बाल्डविनच्या डोक्यात प्रकाश पडला: समोरच्याला निवड नसेल तर त्याचं सगळं आधीच मोजून ठेवता येईल. टेबलावरच्या गणनयंत्रांवर बटणं दाबत त्यांनी ते मोजलं. १९५६ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा दहाएक पानांचा लेख आला. नलोपाख्यानात अक्षहृदय एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जातं. ही कथा ज्याला सांगितली जाते तो युधिष्ठिरही शेवटी बृहदश्व ऋषीकडून ते घेतो. पण त्यात होतं काय, हे व्यास वाचकाला सांगत नाहीत. ॲबरडीनच्या चौघांनी ते छापून टाकलं.

तक्ता वाचायचा कसा? आडव्या ओळी तुमच्या हातातल्या, उभे रकाने वाटणाऱ्याच्या उघड्या पानाचे. पहिल्या नजरेत एक भिंत दिसते: छक्की आणि सत्तीच्या मध्ये. वाटणाऱ्यापुढे दुर्री ते छक्की असेल तर तुम्ही तेरा ते सोळावर गुमान थांबायचं. सत्ती किंवा त्याहून मोठं पान असेल तर त्याच तेरा-सोळावर पान मागायचं. कारण बावन्न पानांत दहाची किंमत असलेली सोळा आहेत. झाकलेलं पान दहाचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. छक्कीखाली दहा निघालं तर वाटणारा सोळावर येतो आणि तिथे त्याला पान घ्यावंच लागतं. पंजी-छक्कीवर तो शंभरातून बेचाळीसएक वेळा बाद होतो. सत्तीखाली दहा निघालं तर सतरा झाले आणि तो सुटला. बाद होण्याचं प्रमाण एकदम सव्वीसवर उतरतं. त्याच्या अडचणीच्या वेळी आपण काही करायचं नाही, हा तक्त्याचा पहिला रस. हातात तेरा घेऊन थांबणं आपल्या खेळाडूला पळपुटेपणा वाटतो. तक्त्याला लाजलज्जा नाही.

भिंतीत एक चीर आहे: बाराची ओळ. बारावर पान घेतलं तर तेरा दर्जांपैकी फक्त चार, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी आणि राजा हेच बाद करतात. म्हणून दुर्री आणि तिर्रीसमोर बारावर पान घ्यायचं, चौकी-पंजी-छक्कीसमोर थांबायचं. चौकीपाशीचा फरक इतका बारीक की चुकून पान घेतलं तरी खिशाला कळत नाही. पण तक्ता लिहिणाऱ्याने तो टिपला.

जोड्यांमध्ये अठ्ठ्यांची आणि एक्क्यांची जोडी नेहमी फोडायची, दहाची कधीच नाही, हे सगळे घोकतात. पंज्या फोडू नयेत हेही लगेच पटतं. हातातले दहा मोडून कुणी पाच-पाच करतो का? मला आवडते ती नव्व्यांची जोडी. वाटणाऱ्याकडे दुर्री ते छक्की असेल तर फोडा. सत्ती असेल तर फोडू नका. अठ्ठी किंवा नव्वी असेल तर पुन्हा फोडा. दहा किंवा एक्का असेल तर थांबा. हे वाचून माणूस म्हणतो, छापताना चूक झाली. पण सत्तीखाली दहा धरा: त्याचे सतरा, तुमचे अठरा, एकाने जिंकलात, कशाला हात लावायचा? अठ्ठीखाली दहा धरा: त्याचे अठरा, तुमचे अठरा, बरोबरी; इथे नव्वीपासून दोन नवे डाव सुरू केलेले बरे. सत्तीची ती एक चौकट बाकीच्या ओळीच्या विरुद्ध बोलते आणि तिचं कारण एका गुणाचं आहे.

एक्का-सत्तीची ओळही अशीच देखणी. एक्का अकराचा धरला तर अठरा, पण गरज पडली तर आठ. तिर्री ते छक्कीसमोर पैसे दुप्पट करा. दुर्री, सत्ती, अठ्ठीसमोर थांबा. नव्वी, दहा, एक्क्यासमोर पान घ्या. अठरा हा आपल्याला भरलेला आकडा वाटतो. नव्वीसमोर तो भरलेला नाही, हे ऐकायला नवशिका तयार नसतो.

आता मधली चौकट, ज्यासाठी सगळा तक्ता वाचावा. तुमच्याकडे सोळा, वाटणाऱ्याकडे दश्शी. तेरा दर्जांपैकी आठ, छक्कीपासून राजापर्यंत, तुम्हाला बाद करणार. थांबलात तर त्याने बाद व्हावं एवढीच आशा, आणि दश्शीवर तो शंभरात वीस-बावीस वेळाच बाद होतो. कुठल्याही बाजूने गेलं तरी शंभर रुपयांमागे चोपन्नएक रुपये जाणार. पान घेण्यात आणि थांबण्यात फरक काही पैशांचा, तोही पान घेण्याच्या बाजूने. डाव सोडून अर्धे पैसे परत घ्यायची मुभा असेल तर ती घ्यावी: चोपन्नऐवजी पन्नास गेले, आणि ते चार रुपये हा फायदाच. आणि सोळा म्हणजे अठ्ठ्यांची जोडी असेल तर फोडावी. तोटा थोडा उतरतो, जात नाही. विजयाचं नाव नाही, सगळी बुद्धी कमी हरण्यात खर्च. शौर्याच्या गोष्टींवर वाढलेल्या माणसाला हे रुक्ष वाटेल. मला यात करुण आणि शांत हे दोन रस शेजारी शेजारी दिसतात.

पण ही चौकट इथे संपत नाही. सोळा कशाचे झाले, हे पाहायचं. दश्शी-छक्कीचे असतील तर पान घ्या. चौकी-पंजी-सत्ती अशा तीन पानांचे असतील तर थांबा. आकडा तोच, समोरची दश्शी तीच; मग उत्तर का फिरलं? कारण सोळाला तारणारी पानं म्हणजे एक्का ते पंजी, आणि त्यातली एक चौकी व एक पंजी तुमच्याच हातात येऊन पडली आहे. गड्डीत ती तेवढी कमी झाली. पैशांचा फरक आधीच इतका नाजूक होता की दोन पानांनी काटा दुसरीकडे झुकतो. खाली काय पडलं यावरून वर काय उरलं ते वाचायचं. ऋतुपर्णाने रथातून जे केलं, तेच.

एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने हाच धागा पुढे ओढला. ॲबरडीनच्या चौघांची कामाची वही त्याने मागवून घेतली, एमआयटीत आयबीएम ७०४ या संगणकावर हिशेब चालवला आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक काढलं. एकेक दर्जाची पानं गड्डीतून काढून टाकली तर पारडं कुठे झुकतं, असा त्याचा प्रश्न होता. सर्वांत मोठा परिणाम एक्क्याचा नाही, राजाचाही नाही. पंजीचा. वाटणारा बारा ते सोळावर अडकला की त्याला पान घ्यावंच लागतं, आणि त्या प्रत्येक आकड्यावर पंजी त्याला सतरा ते एकवीसमध्ये सुखरूप उतरवते. सोळावर पंजी म्हणजे थेट एकवीस. चारही पंज्या पडून गेल्या की खेळ खेळणाऱ्याच्या बाजूने कलतो. मेंढीकोटात जिला कुणी विचारत नाही, ती इथे घराचा खांब.

मग मोजण्याच्या सोप्या रीती आल्या: दुर्री ते छक्की पडली की एक मिळवा, दहा-चित्र-एक्का पडला की एक वजा करा, मधल्या तीन पानांना सोडून द्या. कॅसिनोंनी सहा-आठ गड्ड्या एकत्र पिसायला सुरुवात केली, मध्येच कापायचं पान घातलं, नंतर सतत पिसणारी यंत्रंच बसवली. म्हणजे पडलेली फळं लगोलग पुन्हा झाडाला लावायची व्यवस्था.

चंद्रपूरच्या माणसाला हा खेळ कायदेशीर टेबलावर पाहायचा तर गोव्यापर्यंत जावं लागतं, मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंसाठी वेगळा कायदा केला, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्याच १९७६ च्या गोव्याच्या कायद्यात मात्र पुढे दुरुस्त्या होऊन जहाजांना वाट मिळाली. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कौशल्याचा खेळ ठरवलं. ब्लॅकजॅकला ते भाग्य नाही. माझ्या मते रमीइतकं कौशल्य यातही आहे, फक्त ते सगळं आधीच कुणीतरी करून ठेवलं आहे.

तक्ता शिकायला जहाज लागत नाही. घरी एक गड्डी, पैशांच्या जागी चिंचोके किंवा बेहड्याच्या बिया. आधी भिंत पाठ करावी, मग बाराची ओळ, मग जोड्या, एक्क्याचे हात शेवटी. वाटणाऱ्याची भूमिका घरातल्या सर्वांत आज्ञाधारक माणसाला द्यावी. स्वतःचं डोकं चालवणारा तिथे चालत नाही. वाटणाऱ्याचं उघडं पान एक्का असला की टेबलावर ‘विमा’ देऊ करतात. झाकलेलं पान दहाचं निघालं तर दुप्पट. तेरातून चार वेळा जे घडतं त्याला दुप्पट पैसे म्हणजे तोट्याचा सौदा, म्हणून तक्ता तो कधीच घेत नाही, हातात ब्लॅकजॅक असला तरी. आणि टेबलावर बसण्याआधी कापडावर काय छापलंय ते वाचावं. हजाराला दीड हजाराऐवजी बाराशे देणारी टेबलं आता बरीच झाली आहेत. ब्लॅकजॅक सरासरी एकविसातून एकदा येतो, आणि त्याचेच तीनशे कापले की शंभरामागे आणखी जवळजवळ दीड रुपया जातो: चौघांनी बटणं दाबून जेवढा तोटा शिल्लक ठेवला होता, त्याच्या दुपटीहून जास्त.